मानकरी आणि तांबडोबा

सबनीस : म्हणजे एकही नाही?

धोंडू : असं कसं सायेब, एक हाय ना. त्यो बगा, पायरीवर बसलाय. तांबडोबा. हाक मारा, लगेच येतो. लाजत न्हाय अजिबात.

सबनीस : धोंडू, मस्करीची वेळ नाही ही. गेल्या वर्षी जीपमधून पाट्याच्या पाट्या भरून तांबड्या कोंबड्या आणल्या मी या वाडीत. लांज्यापासून इथपर्यंत त्यांच्यासोबत मागे बसून आलो. सुधारित जात! अंडीही देते, मांसही देते. दुहेरी उपयोगाची.

राही : दुहेरी म्हणं! आमची कोंबडी काय एक दिवस अंडा देते नि एक दिवस नारळ? ती पण आदी अंडीच देते, नि म्हातारी झाली की टोपात जाते. आमी तिला दुहेरी म्हणत न्हाय, कोंबडी म्हणताव.

सबनीस : राहीबाई, वाद नको. त्या कोंबड्या गेल्या कुठे ते सांगा.

राही : भावजी, तुमीच सांगा. माला लाज वाटते.

धोंडू : सायेब, आदी पाणी प्या. गुळाचा खडा घ्या. घेतलात? आता आठवा. कोंबड्या रुळल्या का बगायला पयल्यांदा आलाव तुमी, तवा वयनीच्या हातचे वडे-सागोती खाल्लीत. पानावरनं उठवत नव्हता तुमाला.

सबनीस : हो. उत्तम झाली होती सागोती.

धोंडू : ती एक. मग तुमच्या वरचे सायेब आले तुमी बरोबर बगितलंत काय ते बगायला. त्यांच्यासंगट डायवर, शिपाई, नि शिपायाचा मेव्हणा. ह्यो मेव्हणा कशाला आला व्हता ते आमाला अजून कळलां न्हाय, पण तंगडी त्यानंच खाल्लान. मग फोटो काढणारा आला. मग लस टोचणारे.

राही : टोचली नि ताबडतोब कापायला लावली. मी म्हटलां, अहो, औषध तरी मुरू द्या तिच्यात.

सबनीस : थांबा, थांबा. ती सगळी... ती आमचीच होती? मी समजत होतो तुम्ही प्रेमानं गावठी कोंबडी करून घालताय!

राही : गावठी? तुमाला? गावठी जावयाला घालतात, चाकरमानी घरी येतो त्याला घालतात, न्हायतर देवाला देतात. तुमी कोण आमचे?

धोंडू : तसं वाईट मानू नका हो. सरकारची कोंबडी सरकारच्याच पोटात गेली. आमी मधी निस्ता मसाला वाटला.

सबनीस : अरे, पण मोठे साहेब उद्या येताहेत! रत्नागिरीहून! मी त्यांना सांगून बसलोय की ही अख्खी वाडी तांबडी झाली. लोकांनी आपणहून गावठी कोंबडे जमा केले आणि सुधारित घेतले. जिल्ह्यात पहिली वाडी! ते खास बघायला येताहेत!

धोंडू : कोंबडे जमा केले त्ये खोटा न्हाय. एक द्या नि एक घ्या म्हणालाव, आमी दिले.

राही : माझा सोडून.

सबनीस : हो, तुमचा सोडून. राखणीचा, गावच्या राखणदाराला द्यायचा म्हणालात म्हणून मी सोडला. आता त्याच्याचकडे येतो मी.

राही : त्याच्याकडं कशाला येताव? मानकऱ्याचं नाव काढायचं न्हाय.

सबनीस : सांगतो. आधी मला सांगा, हा तांबडोबा तरी धड आहे का? एकच असला तरी दाखवता येईल?

राही : धड म्हंजे काय, दिसायला राजा हाय. पण राती झाडावर चढता येत न्हाय, उचलून खुराड्यात ठेवावा लागतो. घार आली की आमच्या कोंबड्या फणसाखाली पळतात, ह्यो वर मान करून बगत ऱ्हातो, कोण आलां म्हणून.

धोंडू : नि आरवतो धा वाजता. तुमचां हापिस उघडल्यावर. मानकरी पाटे आरवतो तवा ह्यो एक डोळा उघडतो नि परत मिटतो.

राही : कोंबड्या तर जवळसुदा उभा करत न्हायत मेल्याला. पण माणसाळलेला हाय हो. सकाळी दार उघडलां की पयला पायात ह्योच. मी भांडी घासत बसली की शेजारी येऊन बसतो. बोलत्ये मी त्याच्याशी.

सबनीस : बरं. आता नीट ऐका. मोठे साहेब गुहागरकडचे. मी म्हटलं, साहेब, दुपारी आपल्या सुधारित कोंबडीचंच जेवण ठेवतो. तर म्हणाले, "सबनीस, सुधारित कोंबडी बघायची असते. खायची गावठी."

धोंडू : वा! माणूस शिकलेला दिसतो.

सबनीस : मी म्हटलं, साहेब, वाडीत आता गावठी कोंबडा एकच आहे आणि तो राखणीचा आहे. मला वाटलं विषय संपला. तर ते खुर्चीतून उठलेच. "राखणीचा? अरे, लहानपणी आमच्याकडे व्हायची राखण! किती वर्षांत प्रसाद मिळाला नाही! उद्याच देऊ. मी स्वतः हजर राहतो."

राही : काय?

सबनीस : मी काय करणार राहीबाई? तुम्हीच सांगितलंत ना, तो राखणदाराच्या नावाचा आहे? मग उद्या दिला काय आणि...

राही : न्हाय! मानकऱ्याला सुरी लावायची न्हाय कुणी! माझ्या लग्नात आयनं डालग्यात घालून तलंग कोंबडी दिलीन माला. सासरी माझ्यासंगट चालत आली ती, नदी ओलांडून. तिचा वंश हाय ह्यो. वाडीतले बाकीचे कोंबडे तुमी जीपमधी भरून नेलंत. माहेरचा बेणा तेवडाच उरलाय माझ्याकडं.

सबनीस : पण मग राखणदाराला बोललात कशाला?

राही : राखणदाराला कोण बोललां?

सबनीस : तुम्ही!

राही : मी तुमाला बोलल्ये. दर मे महिन्यात नणंदेचा घोव मुंबयवरनं येतो नि माझ्या खळ्यात उभा राहून कोंबड्यांकडं बगतो. त्याला सांगते, राखणीचा हाय. सरपंच आला, त्याला सांगितलां. तुमी आलाव, तुमाला सांगितलां. देवाला ह्यातलं काय म्हाईत न्हाय.

धोंडू : तरीच म्हणतो मी! दर वर्षी राखण दिवाळीनंतर, मग शिमग्यानंतर, मग भात लावल्यावर. राखणदार बिचारा ताट मांडून बसला असेल, असं वाटायचं माला.

सबनीस : राहीबाई, हात जोडतो. माझी बदली त्यांच्या हातात आहे. बायको-मुलं सांगलीला, मी इथे खानावळीत. उद्या साहेबांना तांबडे पक्षी दिसले नाहीत आणि पानात गावठी पडली नाही, तर मी इथेच म्हातारा होईन.

राही : तुमची बायको सांगलीला हाय म्हणून माझा कोंबडा कापायचा?

धोंडू : थांबा, थांबा दोघं. वयनी, तुळशीखालचा कट्टा सारवायला तांबडी काव आणलीस ना परवा?

राही : हाय की डब्यात. कट्ट्याचां काय आता मधीच?

धोंडू : मानकरी पांडुरका हाय. काव पांडऱ्यावर झकास बसते. पेजेत कालवली की गळतपण न्हाय.

सबनीस : काय बोलतोयस तू?

धोंडू : आन् तांबडोबाला चुलीवरच्या टोपाची काजळी. खोबरेल तेलात खलून. आरशासारखा काळा व्हईल. एक गावठी झाला, एक सुधारित झाला. हातासरशी वाडीतल्या सगळ्या कोंबड्या कावेच्या बादलीत बुडवतो. भिजली कोंबडी धुळीत लोळली की वरनं आमच्या मातीचा दुसरा हात. हितं गाडीचा टप तांबडा होतो, कोंबडीचां काय घेऊन बसलाव?

सबनीस : शक्य नाही. मी पशुवैद्यकाचा पदवीधर आहे. मी कोंबड्या रंगवणार नाही.

धोंडू : तुमी कशाला रंगवताव? तुमी पाय धरा. रंगवतो मी.

सबनीस : आणि म्हणजे तांबडोबा... अरे, वर्षभराच्या कामातला तेवढा एकच खरा पक्षी उरलाय माझा! तोच कापायचा?

धोंडू : मग सांगली राहू दे. खानावळीत आज काय हाय? परत दुध्याच?

सबनीस : ...पाय कसे धरायचे?

राही : भावजी, तांबडोबाला न्हाय हो. त्यानं काय केलां कुणाचा?

धोंडू : वयनी, तूच सांग मग. दोगांतला एक उद्या जाणार. मी तिसरा कुटनं आणू?

राही : मी बगणार न्हाय. काजळी लावायची ती तुमीच लावा. नि आज राती त्याला उचलून मीच ठेवणार खुराड्यात, सांगून ठेवत्ये. आन् बुटकीला हात लावायचा न्हाय कुणी. अंड्यांवर बसलीय माळ्याखाली, पिल्लां फुटायला आलीत. तिला कावेच्या बादलीत घातलंत तर बादली तुमच्या डोक्यावर.

(साहेब येऊन गेले. त्यानंतरचा सोमवार, राहीच्या घरापुढचं तेच खळं. कावेची बादली उलटी करून सबनीस तिच्यावर बसले आहेत.)

सबनीस : झाली! राहीबाई, बदली झाली! तोंडी सांगितलं साहेबांनी. सांगली!

राही : बरा झाला. चा ठेवत्ये.

सबनीस : धोंडू, मी अजून झोपेतून दचकून उठतो. साहेबांनी मानकऱ्याला हातात घेतला तेव्हा वाटलं, गेली सांगली.

धोंडू : पांडरी झाक सफारी! कडंवर घेतलान तवा इथपासनं इथपर्यंत तांबडी! मी म्हटलां, सायेब, आमची मातीच तशी. पावण्याला सोडत न्हाय.

सबनीस : आणि ते काय म्हणाले? "सबनीस, बघा, काय रंग आहे पक्ष्याला! हाताला लागेल इतका गडद!"

धोंडू : तोवर मानकरी हातनं सुटला तो थेट फणसाच्या शेंड्यावर. मला वाटलां, मेलो. सुधारित कोंबडा झाडावर! पण सायेबाच्या डोळ्यात पाणी. "याला म्हणतात स्थानिक हवामानाशी जुळवून घेणं." शिपायानं टाळ्या वाजवल्यान.

सबनीस : आणि तुझं ते राखणदारापुढचं गाऱ्हाणं! काय काय बोललास तू!

धोंडू : खरा त्येच बोललो. देवापुढं खोटा बोलत न्हाय मी. "बा राखणदारा महाराजा! आज तुज्या हद्दीत जिल्ह्याचा सायेब आलाय. तुला जो दिलाय तो तू वळखतोस. ज्याला वळखू येत न्हाय त्याला येऊ देऊ नको. ज्याला जो रंग दिसतो त्याला त्योच दिसूदे, नि ज्याची बदली ज्या गावाला हवी त्याला त्या गावाला पोचव रे महाराजा!"

सबनीस : आणि सगळ्यांत मोठ्यानं "होय महाराजा" कोण म्हणालं? साहेब!

धोंडू : मग देवाचा काय दोष? त्याला सगळा सांगितलेला हाय. सायेबानं सही केलान.

सबनीस : जेवताना मात्र माझी भीती वेगळीच होती. चव ओळखली तर? आधी म्हणाले, "गावठीला एवढं मांस?"

धोंडू : मी म्हटलां, राखणीचा हो सायेब. देवाच्या नावाचा म्हणून कुणी हाकलत न्हाय, घरोघरी खाऊन माजलेला.

सबनीस : मग दुसरा वडा मोडला, रस्सा ओरपला आणि डोळे मिटले. "सबनीस, ही चव! ही चव तुमच्या त्या तांबड्या सुधारित कोंबडीला सात जन्मात येणार नाही. ती म्हणजे कापूस. गावठी ती गावठी." आणि हाड चोखत मला म्हणाले, "तुम्हाला फरक कळतो की नाही?"

धोंडू : तुमी काय म्हणालाव?

सबनीस : म्हटलं, कळतो साहेब. आत्ता कळला.

राही : घ्या चा. कापूस न्हवता तो.

धोंडू : वयनी, तू कुटं जेवलीस? तू तर मागीलदारी जाऊन बसली व्हतीस.

राही : जेवल्ये न्हाय. पण कापूस न्हवता एवडा माला ठावक हाय. सकाळी दार उघडलां की अजून पाय जपून टाकत्ये मी. पायात यायचा ना.

सबनीस : राहीबाई, तुमचा मानकरी वाचला ना पण?

राही : वाचला. ह्यो बगा फिरतोय. धुतला तरी मानेवरची काव जाईना. कोंबड्या त्याला वळखत न्हायत, वाडीतली पोरां त्याला "सुधारित" म्हणून हाक मारतात. येतोपण मेला.

सबनीस : आणि योजनाही मार्गी लागली. म्हणजे बंदच झाली. इथलं उद्दिष्ट पूर्ण झालं, वाडी शंभर टक्के तांबडी, आता इथे एकही पक्षी देण्याची गरज नाही, असं साहेबांनी स्वतः लिहिलं.

धोंडू : म्हंजे आता तपासायलापण कोण येणार न्हाय?

सबनीस : कोणी नाही.

धोंडू : अरेरे. आन् माझ्या जेवणाचा काय? तुमच्या पंगतीला मीपण बसायचो.

राही : शू! गप ऱ्हावा दोघं वाईच.

सबनीस : काय झालं?

राही : बुटकी बोलतेय. पिल्लाशी बोलते ना कोंबडी, तसा. सकाळी दोन अंडी चिरलेली व्हती. थांबा, बगून येत्ये.

धोंडू : चला, मानकऱ्याची पैदास आली. बरा झाला, वयनीला तेवडाच इरंगुळा. त्या दिसापास्नं ताट पुढं घेऊन निस्ती बसते.

सबनीस : अरे धोंडू, खरं सांगू? मलाही आठवतो तो. आदल्या दिवशी पाय धरले ना मी त्याचे, तर पळालासुद्धा नाही. तू काजळी चोळत होतास आणि तो माझ्या बुशकोटाच्या बटणाला चोच लावत होता.

राही : भावजी! हिकडं या! ओरडू नका. तुमीपण या सायेब. ह्या डालग्यात बगा. पंख उचलत्ये तिचा.

धोंडू : अगो बाय माझे!

सबनीस : तांबडं आहे.

राही : सगळां तांबडा. नि पाय बगा त्याचे. माझ्या मानकऱ्याच्या वंशात असे जाड पाय कुणाला झाले न्हायत.

धोंडू : काव लागली असंल बुटकीची.

राही : बुटकीला बुडवू दिली व्हती काय मी? ओलां हाय अजून पिल्लू, कवचातनं आलांय. त्यो बगा, दुसरा अंडापण. त्याची चोच दिसते. पिल्लूपण तांबडाच.

धोंडू : वयनी, तू तर म्हणालीस, कोंबड्या त्याला जवळ उभा करत न्हायत.

राही : माझ्यादेखत करत नव्हत्या.

सबनीस : राहीबाई, हे... हे कळतंय का तुम्हाला? आमचा सुधारित कोंबडा आणि तुमची गावठी कोंबडी! यासाठीच होती ना योजना! हेच व्हायला हवं होतं! पूर्ण तालुक्यात कुठे झालं नाही, ते इथे झालं! मी आजच लिहून...

धोंडू : काय लिहिताव? लिवा ना. ज्याला सायेबानं गावठी म्हणून खाल्लान त्याला पिल्लां झाली. मेल्यावर.

सबनीस : नाही. काहीच लिहिता येणार नाही मला. वाडी आधीच शंभर टक्के तांबडी आहे.

राही : रडू नका हो. चा थंड झाला तुमचा, दुसरा ठेवत्ये.

सबनीस : रडत नाहीये. चुलीचा धूर लागला. राहीबाई, एक मागू? सांगलीला घर आहे, मागे थोडं परस आहे. हे पिल्लू मोठं झालं की...

राही : न्हाय.

सबनीस : कापायला नको हो मला. पाळायला.

राही : तुमी न्हाय कापणार. तुमचे सायेब येतील सांगलीला जेवायला. ह्यो हितंच ऱ्हाणार, माझ्या पायरीवर. ह्यो राखणीचा हाय.

धोंडू : आँ? आत्ता तर अंड्यातनं आलाय! राखणदाराला सांगितलंस कदी?

राही : तुमा दोघांना सांगितलां ना. झालां.